जुन्या पिकअपचा पत्रा कारखान्याचा की मागाहून आलेला: केबिनपासून तपासणी

जुनी पिकअप बघायला गेलं की नजर आधी तिच्या तोंडावर जाते. जाळी, हेडलाइट, बोनेटवरची अक्षरं. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून पॉलिशचा डबा तिथेच रिकामा होतो. आणि नेमका तोच भाग असा असतो की दोन माणसं दुपारच्या डब्याआधी तो उतरवून दुसऱ्या सालाचा चढवू शकतात.

मी असाच फसलो. "एकोणपन्नासची शेवरोले, पूर्ण ओरिजिनल" म्हणून एक गाडी घेतली. समोरच्या जाळीच्या पाच आडव्या पट्ट्या बघितल्या आणि खूश झालो. घरी आणल्यावर तिसऱ्या रविवारी लक्षात आलं की डाव्या दरवाज्याचं हँडल खाली फिरवायचं आहे आणि उजव्याला बटण आहे. तीन आठवडे मी रोज त्या दोन्ही दरवाज्यांतून आत-बाहेर करत होतो!

त्यानंतर मी एकच नियम ठेवला. नटबोल्टवर बसणारा भाग कच्चा साक्षीदार, कारखान्यात वेल्ड झालेला भाग पक्का साक्षीदार. आधी केबिनचं साल ठरवायचं, मग दरवाजे, बोनेट, मडगार्ड, हौदा एकेक करून त्या सालाशी ताडून बघायचे. उलट दिशेने गेलात तर जाळी जे सांगेल ते ऐकत बसाल.

उदाहरणासाठी मी शेवरोलेची १९४७ ते १९५५ची 'ॲडव्हान्स डिझाइन' मालिका घेतोय. एक तर मला हीच गाडी हाताने माहीत आहे. दुसरं, या मालिकेत जवळजवळ दरवर्षी पत्र्यात काहीतरी बदललं, त्यामुळे शिकायला हिच्यासारखी दुसरी नाही.

कारखाना म्हणजे कुठला?

मुंबईत हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ची, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायसलर घराण्याच्या गाड्या जोडल्या जात. फोर्डचंही मुंबईत जोडकाम होतं. सरकारी टॅरिफ कमिशनच्या १९५३च्या अहवालानंतर, नुसती जोडणी करणाऱ्या आणि इथे उत्पादनाचा बेत नसणाऱ्या परदेशी कंपन्यांना गाशा गुंडाळावा लागला, आणि जनरल मोटर्स व फोर्ड दोघी गेल्या.

म्हणजे तुमच्या पुढ्यातली गाडी सुट्या भागांच्या पेट्यांतून येऊन इथेच जोडलेली असू शकते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आपल्याकडे व्यापारी गाडी बऱ्याचदा नुसती काउल चॅसी म्हणून विकली जायची: इंजिन, बोनेट, पुढचे मडगार्ड, डॅशबोर्डापर्यंतचा पत्रा, बस्स. त्यामागची केबिन आणि हौदा इथल्या बॉडीबिल्डरने लाकूड आणि पत्र्यात बांधायचा. अशा गाडीवर आज अमेरिकन पत्र्याची केबिन दिसली, तर ती केबिन अस्सल असूनही त्या गाडीची नाही. आणि सागवानी चौकटीची केबिन दिसली तर लगेच नाक मुरडू नका. त्या गाडीसाठी कदाचित तीच पहिली असेल. काउलच्या, म्हणजे बोनेट आणि दरवाज्यांच्या मधल्या पत्र्याच्या, मागच्या कडेला लाकडी खांब बसवायचे जुने बोल्ट किंवा त्यांची भोकं दिसतात का, तेवढं बघा.

पिशवीत काय न्यायचं

लोखंडाची टेप, टॉर्च, दाढीचा छोटा आरसा, कापडात गुंडाळलेलं चुंबक, पितळी ब्रश, बोथट स्क्रू ड्रायव्हर, आणि इंची पान्यांमधला ९/१६चा एक पाना. फोन असतोच. जुने कपडे घाला, कारण अर्धं काम गाडीखाली आडवं पडून करायचं आहे. पावसाळ्यात जाऊ नका. ओल्या पत्र्यावर सगळे रंग नवे दिसतात.

नंबरपट्टी: बघा, पण तिच्यावर विसंबू नका

शेवरोलेची कारखान्याच्या नंबराची पट्टी दरवाज्याच्या बिजागरीच्या खांबावर असते. अमेरिकेत जोडलेल्या गाडीवर आधी कारखान्याचा आकडा, मग मालिकेची दोन अक्षरं, मग महिन्याचं अक्षर आणि शेवटी अनुक्रमांक. अर्ध्या टनाच्या गाडीला १९४९ साली जीपी, १९५०ला एचपी, १९५१ला जेपी. दुसरं अक्षर पी म्हणजे अर्धा टन, आर म्हणजे पाऊण, एस म्हणजे एक टन. महिना ए म्हणजे जानेवारीपासून एल म्हणजे डिसेंबरपर्यंत. उजव्या स्टिअरिंगच्या, इथे जोडलेल्या गाडीवर हाच साचा सापडेल असं धरून चालू नका. १९५३ला पट्टीचा रंगही बदलला, काळ्याची निळी झाली.

पट्टी रिव्हेटने बसलेली असते. रिव्हेटच्या जागी स्क्रू दिसले, किंवा रिव्हेटच्या डोक्याभोवतीचा रंग फुटलेला दिसला, की सावध व्हा. माझ्या गाडीवर तर फक्त दोन भोकं होती. "पडली असेल कुठेतरी," असं मला सांगण्यात आलं.

केबिन: इथे वेळ घालवा

पहिली खूण काच. १९४७ ते १९५३ पुढची काच दोन तुकड्यांची, मध्ये उभी पट्टी. १९५४पासून एकसंध वाकवलेली काच. काच बदलता येते, पण तिची चौकट केबिनच्या पत्र्यातच दाबलेली असते, म्हणून ही खूण भक्कम आहे. दोन तुकड्यांची काच आणि समोर १९५४ची, मधोमध जाड आडवा दांडा असलेली जाळी, अशी जोडी दिसली तर जाळी पाहुणी समजा.

दुसरी खूण पेट्रोलचं तोंड. १९४७-४८च्या पिकअपला टाकी हौद्याखाली होती. १९४९पासून ती केबिनमध्ये, सीटच्या मागे उभी आली आणि भरायचं तोंड दरवाज्यामागे, साधारण हँडलच्या उंचीवर केबिनच्या पत्र्यात आलं. अमेरिकन गाडीत ते उजवीकडे. हे भोक कारखान्यात दाबून पाडलेलं असतं, भोवतालचा पत्रा एकसारखा आत वळलेला असतो. गॅसने कापलेलं भोक बोटाला लगेच कळतं, कड खरबरीत आणि वाटोळेपणा अंदाजपंचे. उलटही बघा: भोक बुजवून वर लांबी (पुट्टी) लावलेली असेल तर कापडातलं चुंबक तिथे सैल पडतं.

तिसरी खूण माझी आवडती. १९५०पर्यंत काउलच्या बाजूच्या पत्र्यात, पायापाशी, उघडझाप करणारी हवेची छोटी झडप होती. अमेरिकेतल्या डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत ती चालकाच्या बाजूला. १९५१ला दरवाज्यांना तिकोनी फिरती काच आली आणि ही झडप गेली.

आता या दोन खुणा एकत्र ठेवा. पेट्रोलचं तोंड केबिनवर आहे, म्हणजे १९४९ किंवा नंतरची. झडप आहे, म्हणजे १९५० किंवा आधीची. केबिन १९४९ किंवा १९५०ची, दुसरा पर्याय नाही. माझ्या गाडीचं हेच निघालं, म्हणजे विकणारा केबिनबद्दल तरी फार खोटं बोलला नव्हता. दोघांतलं नेमकं साल कोणतं, यासाठी झडपेची मूठ बघतात. आधी तिला लालसर किरमिजी गोळा असायचा, १९५०ला नुसती चपटी लोखंडी पट्टी आली. माझ्या झडपेला पट्टी आहे. पण मूठ स्क्रूवर बसते, म्हणजे पुन्हा कच्चा साक्षीदार. मग गाडीखाली गेलो. शॉक ॲब्सॉर्बर १९४९पर्यंत लिव्हरचे आणि १९५०पासून नळीचे. नळीचे निघाले. तरी केबिन चॅसीवरून उचलता येते हे विसरू नका, म्हणून दोन्हींच्या नोंदी वहीत वेगळ्या लिहा.

चौथी गोष्ट कोपऱ्याच्या काचा. मागे दोन्ही कोपऱ्यांत वाकड्या काचा असलेली केबिन जास्त पैशांची होती आणि आजही तिला भाव जास्त. त्यामुळे साधी केबिन कापून कोपरे बसवण्याचे उद्योग होतात. सीट पुढे ओढा, आतलं अस्तर किंवा पुठ्ठा उचला आणि आरसा धरून काचेच्या चौकटीची आतली बाजू बघा. कारखान्याच्या चौकटीला रबर बसायची कड एकाच पत्र्यातून वळलेली असते. जोडलेल्या कोपऱ्याला उभा सांधा असतो, त्यावर वेल्डिंगचा मणी किंवा ग्राइंडरचे ओरखडे. रंग कितीही जाड मारा, आतून तो सांधा लपवायचे कष्ट सहसा कुणी घेत नाही.

राहिली स्टिअरिंगची बाजू. इंजिन आणि केबिनच्या मधली भिंत दोन्हीकडून बघा. डाव्या स्टिअरिंगची गाडी मागाहून उजवी केली असेल, तर डावीकडे स्टिअरिंगच्या दांड्याचं आणि पेडलांचं भोक थिगळ लावून बुजवलेलं सापडतं. थिगळ चौकोनी असो की गोल, त्याच्या कडा भिंतीच्या उठावांना छेदून जातात. कारखाना उठाव मध्येच तोडत नाही.

केबिनचे खालचे कोपरे आणि पायाखालचा पत्रा मात्र मी खुणेत धरत नाही. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस खाल्लेल्या मुंबईच्या गाडीत ते बदललेलेच असतात. बदललेले नसतील तर उलट चौकशी करा, गाडी एवढी वर्षं कुठे होती म्हणून.

दरवाजे, बोनेट, जाळी

केबिनचं साल हातात आलं की हे काम भराभर होतं. तिकोनी काच नसलेला दरवाजा १९५०पर्यंतचा. तिकोनी काच आणि खाली फिरवायचं हँडल म्हणजे १९५१. तिकोनी काच आणि बटण म्हणजे १९५२ किंवा नंतरचा. माझ्या गाडीच्या दोन्ही दरवाज्यांना तिकोनी काच होती, म्हणजे डावा १९५१चा, उजवा त्याच्याही नंतरचा, आणि दोन्ही केबिनपेक्षा तरुण. बिजागऱ्यांत चपखल बसले होते, म्हणून कुणाला संशय आला नाही.

बोनेट उघडा आणि बाजूच्या नावाच्या पट्ट्यांची भोकं आतून बघा. १९४७-४८ला शेवरोलेच्या खाली 'थ्रिफ्टमास्टर' किंवा 'लोडमास्टर' असे शब्द होते. १९४९ सालाच्या ओघात त्या जागी ३१००, ३६००, ३८०० असे आकडे आले. १९५३ला नुसता आकडा राहिला, मोठ्या अक्षरांत. बाहेर आकडा आणि आत बुजवलेल्या भोकांची दुसरीच रांग, असं दिसलं तर ते बोनेट दुसऱ्या गाडीवरून आलेलं आहे किंवा निदान त्याचं नाव बदललेलं आहे. बाहेरच्या बाजूने लोक मन लावून घासतात, आतून नाही.

डॅशबोर्डवरचा स्पीडोमीटर १९५१पर्यंत ८० मैलांचा, १९५२पासून ९० मैलांचा. पण हा तर अर्ध्या तासात बदलतो, त्यामुळे त्याच्यावरून वाद घालू नका.

जाळीबद्दल एवढंच की शेवरोले आणि जीएमसी या भावंडांची केबिन सामाईक, जाळी वेगळी. जीएमसीची जाळी लावलेली शेवरोले मी पाहिली आहे, आणि मालक तिच्यासमोर उभा राहून अभिमानाने फोटो काढत होता. मी गप्प बसलो.

हौदा: टेप काढा

३१०० म्हणजे अर्धा टन: चाकांमधलं अंतर ११६ इंच, हौदा ७८ इंच लांब. ३६०० म्हणजे पाऊण टन: १२५¼ आणि ८७. ३८०० म्हणजे एक टन: १३७ आणि १०८. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मोजा, मग हौदा आतून मोजा. जोडी जुळली नाही तर एक तर चॅसी कापलेली आहे किंवा हौदा परका आहे. चॅसी कापलेली असेल तर तिथेच नमस्कार करून परत फिरा.

हौद्याच्या बाजूच्या वरच्या कडा १९५३पर्यंत उतरत्या, १९५४पासून सपाट. मागचे दिवे १९५३पर्यंत चौकोनी, मग गोल. मागच्या फाळक्यावर शेवरोलेची अक्षरं पत्र्यातच उठवलेली असतात. अक्षरांची मागची बाजू बघा, तिथे तेवढेच खोल खड्डे हवेत. मागून पत्रा सपाट असेल तर अक्षरं वरून चिकटवलेली आहेत.

पत्रा दाबलेला की ठोकलेला

सालं जुळली तरी प्रश्न उरतो: हा भाग कारखान्यात दाबलेला आहे, इथे हाताने घडवलेला आहे, की अलीकडे बाहेरून मागवलेली नक्कल आहे?

माझ्या गाडीचं पुढचं डावं मडगार्ड मी पूर्ण खरं समजत होतो. कुर्ल्याच्या एका म्हाताऱ्या डेंटरकाकांनी ते उतरवून उलटं केलं, तळवा आतल्या बाजूने फिरवला आणि म्हणाले, "ह्यो दाबलेला न्हाय भाऊ. ठोकलेला हाय."

"काका, बाहेरून तर आरशासारखं आहे."

"भायेरून आसनारच. आतून हात फिरव."

फिरवला. बारीक बारीक चपटे डाग लागले, नाण्याएवढे, एकाशेजारी एक, हातोडीचे. मग त्यांनी कडेला नख लावून दाखवलं. कड एका तारेभोवती गुंडाळलेली होती, एका ठिकाणी गंजून ती तार दिसत होती. दाबलेल्या मडगार्डाची कड यंत्राने नुसती वळलेली असते, आत तार नसते. शेवटी मधोमध लांब सांधा दाखवला, दोन तुकडे गॅसने जोडून घासलेले. आणि मला सर्वात लाजवणारी गोष्ट: त्यांनी टेप लावली तर डावं मडगार्ड उजव्यापेक्षा बोटभर अरुंद भरलं.

म्हणून मडगार्ड नेहमी आतून बघायचं. कारखान्याच्या पत्र्यावर उठाव डाव्या-उजव्या बाजूला आरशातल्यासारखे जुळतात, भोकांची अंतरं सारखी असतात आणि दोन पत्रे जुळतात तिथे स्पॉट वेल्डिंगचे छोटे गोल खड्डे ठरावीक अंतराने रांगेत दिसतात. दुरुस्तीत मिळतो तो गॅसचा मणी, पितळी जोड किंवा आजकाल मिग वेल्डिंगचा सलग पट्टा. चुंबकाचा एक धोका मात्र लक्षात ठेवा. त्या काळी कारखान्यातही काही सांधे शिशाने भरायची पद्धत होती. चुंबक सुटलं म्हणजे लांबीच असेल असं नाही. बोथट स्क्रू ड्रायव्हरने आतल्या कोपऱ्यात हलकेच खरवडा. शिसं मऊ, चकचकीत राखाडी निघतं, लांबी भुकटी होऊन पडते.

नवी नक्कल ओळखायची ती बोल्टवरून आणि जाडीवरून. १८ गेजचा पत्रा १.२ मिलिमीटरच्या आसपास असतो, २० गेजचा ०.९. कडेला कॅलिपर लावता आला तर लावा, नाही तर दोन मडगार्डांवर टिचकी मारून आवाज ऐका. अमेरिकन बोल्ट इंची: ३/८च्या बोल्टचं डोकं ९/१६ इंच. त्यावर १४ मिलिमीटरचा पाना जात नाही आणि १५चा फिरतो. तुमच्या पिशवीतला ९/१६चा पाना चपखल बसला तर बोल्ट जुना असण्याची शक्यता आहे. १३चा पाना जवळजवळ बसला तर फसू नका, तो अर्ध्या इंचाच्या डोक्यावरही बसल्यासारखा वाटतो.

रंग शेवटी बघा. सीटखाली, हातकप्प्याच्या आत, डॅशबोर्डामागे. तिथे खालचा थर हिरवा निघाला तर आनंद माना, फॉरेस्टर ग्रीन हा या मालिकेचा नेहमीचा रंग होता. दरवाज्याच्या आत आणि खांबावर खालचा थर वेगळा निघाला, तर तो दरवाजा कुठल्या गाडीवरून आला हे तरी कळतं. माझा उजवा दरवाजा तीन थरांखाली लाल आहे.

डॉज, फार्गो, फोर्ड

पद्धत तीच, खुणा वेगळ्या. डॉजची 'पायलट हाऊस' मालिका १९४८ ते १९५३, बी-१ ते बी-४. त्यापुढचं अक्षर वजनाचं: बी अर्धा टन, सी पाऊण, डी एक टन. १९५१ला जाळी बदलली. फार्गो म्हणजे तीच गाडी, नावाच्या पट्ट्या वेगळ्या, त्यामुळे इथेही पट्टीची भोकं आतून बघा. फोर्डमध्ये एकसंध काच १९४८च्या एफ-१पासूनच आहे, म्हणून शेवरोलेचा काचेचा नियम तिथे लावलात तर हसं होईल. फोर्डची जाळी १९५०पर्यंत आडव्या पट्ट्यांची, १९५१-५२ला जाड दांड्यावर तीन दात, आणि १९५३ला गाडीच नवी, एफ-१००.

कागद आणि भंगार

२०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात राखलेली, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि ती दहा वर्षं चालते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला अशी गाडी चालत नाही. अर्जासोबत तुमच्या वहीतली प्रत्येक भागाची नोंद आणि फोटो असले की बोलणं सोपं जातं. चॅसी नंबर पुसट असेल तर तो स्वतः ठोकून 'स्पष्ट' करू नका, त्याने गाडी कायमची संशयात जाते.

बदलायचे भाग शोधायला चोर बाजारातली मटण स्ट्रीट, ऑपेरा हाऊसकडची स्पेअरची दुकानं, कुर्ल्याकडचा सीएसटी रोड, सगळीकडे फिरा. पण हातात गाडीचा भाग घेऊन जा, नुसता फोटो नको. फोटोवरून "हाच आहे साहेब" असं प्रत्येक दुकानात ऐकू येतं. आणि काढलेला जुना भाग, चुकीच्या सालाचा असला तरी, खरा मिळून बसेपर्यंत भंगारात घालू नका. त्यावर खडूने साल लिहून माळ्यावर ठेवा. ज्याच्याकडे १९५२ची गाडी आहे तो तुमचा बटणाचा दरवाजा शोधत फिरतोय, आणि त्याच्या माळ्यावर कदाचित तिकोनी काच नसलेला एक पडला असेल.

काकांनी दाखवलेलं ते ठोकीव मडगार्ड मी अजून बदललेलं नाही. कुणीतरी ते बहुधा याच शहरात, सुटा भाग मिळत नव्हता म्हणून, हाताने घडवलं होतं. वहीत त्याच्यासमोर 'कारखान्याचं नाही, डावं, बोटभर अरुंद' असं लिहिलंय. दरवाजे मात्र शोधतोय, दोन्ही, १९५०चे, झडपवाल्या केबिनचे.